मॉरिशसचा ऊस खरंच सरकारी मदतीशिवाय पिकतो?

हंगाम सुरू झाला की करवीर-शिरोळच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोच: "मॉरिशसमध्ये सरकार शेतकऱ्याला एक पैसा देत नाही, तरी तिथला ऊसवाला श्रीमंत. आपणच हमीभाव मागत बसतो." वाचून वाटतं खरं, मलाही वाटलं होतं. पण इतिहास वेगळा आहे.

१९७५ च्या लोमे करारापासून (युरोप आणि आफ्रिका-कॅरिबियन-पॅसिफिकमधल्या देशांमधला व्यापार करार) युरोप मॉरिशसची दरवर्षी सुमारे ५ लाख टन साखर ठरलेल्या भावानं घेत असे, आणि तो भाव बहुतेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा बराच चढा असे. म्हणजे हमीभाव होताच, फक्त तो युरोपातून येत होता. २००६ पासून त्या भावात टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के कपात ठरली, २००९ मध्ये ही व्यवस्था संपली. पुढे अनेक लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला. मदत नसतीच, तर ती गेल्यानं एवढा फटका बसला असता का?

वादळ आणि दुष्काळासाठी कायद्यानं उभारलेला ऊस विमाही तिथे १९४६ पासून आहे. चक्रीवादळाच्या वाटेतल्या बेटाला त्याशिवाय गत्यंतर नाही.

शिवाय तुलनाच अवघड. अख्खा मॉरिशस सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, एकटा कोल्हापूर जिल्हा ७,६८५. बेटावर भात जवळजवळ पिकतच नाही, तांदूळ बाहेरून येतो.

पडताळायचं असेल तर त्या देशाचा अर्थसंकल्प इंटरनेटवर खुला आहे. त्यात शेतीचं पान उघडा आणि उसापुढे काय लिहिलंय ते बघा.