नातवंडं आजीकडे वाढतात, मग बालसंगोपनाचा अर्ज का अडतो?

आईवडील हयात नाहीत, किंवा असूनही सांभाळत नाहीत, आणि मूल आजी-आजोबांकडे आहे. अशा मुलासाठी महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिचे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आधी १,१०० होते. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ही मदत असते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा. पुढे गृहभेट होते आणि बाल कल्याण समिती आदेश काढते.

समितीपुढे नातवाला नेलं तर त्याला आश्रमात टाकतील, या धास्तीने कित्येक आज्या अर्जच करत नाहीत. मुलाला संस्थेत जावं लागू नये, घरातच वाढावं, यासाठीच तर ही योजना आहे. बिनधास्त जा.

आधार, शाळेचा बोनाफाईड, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलांसोबत घरासमोर काढलेला फोटो, ही कागदपत्रं जमतात. घोडं अडतं ते मृत्यूच्या दाखल्यावर. दाखल्यावर बापाचं नाव 'बाळू', शाळेत 'बाळासाहेब', आणि तेवढ्यावरून अर्ज परत! नावातला फरक आधी दुरुस्त करून घ्या, मगच फाईल द्या. मृत्यूची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा (कोर्टाचा नव्हे, महसूल अधिकाऱ्यांचा) आदेश लागतो. ग्रामसेवकाकडे खेटे घालून काही होणार नाही.

बाप घर सोडून गेला असेल तर दाखला आणणार कुठून? खिडकीवर 'सात वर्षं थांबा' असं सांगणारे भेटतात, आणि ते ऐकून संताप येतो. सात वर्षांचा नियम माणूस मृत मानण्यासाठी आहे. चौकशी करूनही ज्याच्या आईवडिलांचा पत्ता लागत नाही, ते मूल बाल न्याय कायद्यात काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरतं. पोलिसांत बेपत्ता असल्याची तक्रार द्या, तिची प्रत अर्जाला जोडा आणि समितीपुढे हेच बोला. आईने दुसरं लग्न केलं असेल तर तेही लपवू नका. गृहभेटीत कळतंच, आणि मग खऱ्या गोष्टीवरही विश्वास बसत नाही.

मुलाचं खातं उघडायला गेल्यावर बँक आजोबांकडे कोर्टाचा पालकत्वाचा कागद मागते. मूल दहा वर्षांचं झालं असेल तर ते स्वतःच्या नावाने बचत खातं उघडू शकतं, हे मॅनेजरला ठामपणे सांगा.

बाप कमावता आहे, पण पैसे देत नाही? तर मुलाच्या वतीने त्याच्यावर पोटगीचा अर्ज दंडाधिकारी न्यायालयात करता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगीही त्याच वेळी मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. आदेश झाल्यावर मात्र गाफील राहू नका: थकलेली पोटगी वॉरंटने वसूल करायची तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हे वर्ष दर महिन्याच्या हप्त्याला वेगळं मोजतात, आदेशाच्या तारखेपासून नाही.