वेल ड्रेसिंग

वेल ड्रेसिंग : इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील उन्हाळी प्रथा. गावातल्या पाण्याच्या जागांपाशी फुलांच्या पाकळ्यांनी घडवलेली मोठी चित्रे उभी करायची, पाद्र्याने त्यांना आशीर्वाद द्यायचा आणि आठवडाभर ती लोकांना पाहू द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. ‘वेल’ या इंग्रजी शब्दाचा मराठी वेलीशी काही संबंध नाही. इथे त्याचा अर्थ विहीर किंवा झरा. त्यातही आपल्या डोळ्यांपुढे येते तशी खोल, रहाटाची विहीर क्वचितच असते. बहुतेक ठिकाणी दगडी भिंतीतून पडणारी धार आणि तिच्याखाली डोणी असते, तर काही ठिकाणी नुसता नळ.

डर्बीशायरचा डोंगराळ भाग चुनखडीचा आहे. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी खडकाच्या भेगांतून खाली निघून जाते, वर टिकत नाही. त्यामुळे जिथे झरा फुटला तिथेच वस्ती झाली, आणि झऱ्याचे कौतुकही त्याच प्रमाणात.

ही प्रथा ख्रिस्तपूर्व काळातली, जलदेवतांच्या पूजेतून आलेली, असे हौसेने सांगितले जाते. त्याला लिखित आधार नाही. टिसिंग्टन हे या प्रथेचे आद्य गाव मानतात, आणि तिथे दोन कथा ऐकायला मिळतात. १३४८–४९च्या प्लेगच्या साथीत गावाच्या शुद्ध पाण्यामुळे लोक वाचले, ही एक. १६१५च्या दुष्काळात आसपासचे पाणी आटले तरी इथले झरे वाहत राहिले, ही दुसरी. प्रत्यक्ष नोंद मात्र १७५८ची आहे. त्या वर्षी आलेल्या एका पाहुण्याने झऱ्यांवर हार चढवलेले पाहिले. पाकळ्यांच्या चित्रांसाठी माती लिंपलेल्या लाकडी फळ्यांचा उल्लेख त्यानंतर, १९व्या शतकाच्या सुरुवातीला येतो.

बाकीच्या गावांच्या तारखा पाहिल्या की वेगळेच काही दिसते. वर्क्सवर्थमध्ये नळाचे पाणी १८२७ साली आले, यूलग्रेव्हमध्ये १८२९ साली. बक्स्टनच्या बाजारपेठेत डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकने पाणी आणले आणि १८४०पासून तिथे वेल ड्रेसिंग सुरू झाले. वर्क्सवर्थ आणि यूलग्रेव्हमध्ये तर या प्रथेला ‘टॅप ड्रेसिंग’, म्हणजे नळ सजवणे, असेच म्हणत. चढावरून बादल्या वाहण्याचा त्रास ज्या पिढीचा संपला, तिने नळाला फुले वाहिली. जलदेवतांच्या कथेपेक्षा हे अधिक पटण्याजोगे आहे.

वर्क्सवर्थ हे शिशाच्या खाणींवर वाढलेले छोटे गाव. तिथले वेल ड्रेसिंग मेअखेरच्या सुट्टीत असते आणि चित्रांची स्पर्धाही होते. उत्सवाला आलेली माणसे सेंट मेरी चर्चमध्ये डोकावतात. तिथे १८२०मध्ये सापडलेली, ख्रिस्तचरित्रातील प्रसंग कोरलेली सॅक्सन काळातील शिळा आहे, आणि ‘टाउड मॅन’ म्हणून ओळखला जाणारा, खांद्यावर कुदळ आणि हातात टोपले घेतलेला एक दगडी खाणकामगार. जवळच्या मूट हॉलमध्ये शिशाचे खनिज मोजण्याचे १५१३चे पितळी माप जपून ठेवले आहे. खाणींचे तंटे सोडवणारे बारमोट न्यायालय अजूनही तिथे एप्रिलमध्ये भरते. पंचांना पाव, चीज, चिनीमातीसारख्या पांढऱ्या मातीची चिलीम आणि तंबाखू मिळते. सप्टेंबरमध्ये लोक हातात हात घालून चर्चभोवती कडे करतात. या विधीला ‘क्लिपिंग’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मिठी मारणे असा होतो.

हंगाम सुरू होतो तो टिसिंग्टनपासून, ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशी येणाऱ्या ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, आणि गावागणिक सरकत सप्टेंबरपर्यंत चालतो. बक्स्टनची पाळी जुलैत येते. ईम या गावाची ऑगस्टअखेरीस, आणि तिथे सणाला गंभीर किनार असते. १६६५मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून प्लेग शिरला तेव्हा विल्यम मॉम्पेसन या पाद्र्याच्या पुढाकाराने गावाने स्वतःला कोंडून घेतले. सुमारे २६० माणसे दगावली, पण साथ शेजारी पसरली नाही. वेशीवरच्या झऱ्याच्या पाण्यात नाणी ठेवून बदल्यात बाहेरच्यांकडून अन्न घेतले जाई. त्याला आजही मॉम्पेसनची विहीर म्हणतात. कासलटन गावाचा २९ मेचा ‘गारलँड डे’ ही जवळची, पण निराळी प्रथा. तिथे घोड्यावरच्या ‘राजा’ला कमरेपर्यंत झाकणारा घंटेच्या आकाराचा फुलांचा सांगाडा गावभर मिरवून शेवटी चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात.

चित्र घडवण्याचे काम मात्र सगळीकडे जवळपास सारखेच. लाकडी फळ्यांवर माती धरून राहावी म्हणून शेकडो खिळे ठोकलेले असतात. कोरडे लाकूड मातीतले पाणी शोषून घेईल, म्हणून फळ्या आधी काही दिवस तळ्यात किंवा ओढ्यात बुडवून ठेवतात. माती मीठ आणि पाणी घालून पायांनी तुडवतात. मिठामुळे ओल टिकते. गमबूट घातलेल्या पोरांना या कामासाठी बोलवावे लागत नाही. सुमारे इंचभर थर लिंपला की वर चित्राचा कागद पसरून रेषांवरून टोचत जायचे. कागद काढल्यावर मातीत ठिपके उरतात. त्या ठिपक्यांवरून बाह्यरेषा भरतात. त्यासाठी ऑल्डर झाडाची चिमुकली काळी बोंडे किंवा कॉफीच्या बिया वापरतात.

मग शेवाळ, दगडफूल, पाने, बिया असे टिकाऊ साहित्य लावले जाते आणि फुले अगदी शेवटी. पाकळ्या खालून वर, कौले शाकारतात तशा एकीवर एक चढवत न्यायच्या, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून जाते. इंग्लंडच्या उन्हाळ्यात पाऊस गृहीतच धरावा लागतो. हायड्रेंजियाला मागणी फार, कारण तिच्या पाकळ्या दिवसेंदिवस तग धरतात. हे काम एखाद्या कोठारात किंवा गॅरेजमध्ये, पाळ्या लावून, तीन-चार दिवस रात्री उशिरापर्यंत चालते. विषय बहुधा बायबलमधले, पण एखादा राष्ट्रीय वर्धापनदिनही चालतो. बऱ्याच गावांत प्लॅस्टिक, काच, रंग यांना मज्जाव असतो, आणि आकाशाचा निळा कुठून आणायचा यावर दरवर्षी खल होतो.

आठवड्याच्या अखेरीस पाकळ्या तपकिरी पडतात, माती आक्रसून भेगाळते. बोंडांची काळी रेघ तेवढी शाबूत असते. मग फळ्या उतरवून माती खरवडतात, आणि झऱ्यापाशी नेहमीची डोणी उरते.