स्की करताना दुखावलेला घोटा : आमच्याकडे येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

स्की करताना घोट्याला मार लागला की आमच्याकडे फिजिओथेरपीसाठी येणारी बहुतेक मंडळी खुर्चीत बसता बसताच सांगतात, "विशेष काही नाही, नुसता मुरगळलाय." हे माहितीपत्रक आम्ही त्या "नुसता" या शब्दासाठी लिहिलं आहे. पायऱ्या उतरताना मुरगळलेला घोटा आणि स्कीच्या बुटात पिळवटलेला घोटा बाहेरून सारखेच सुजतात, सारखेच काळेनिळे पडतात. आत मात्र बऱ्याचदा वेगळंच काही तुटलेलं असतं. ते वेळेत ओळखलं गेलं नाही, तर सहा आठवड्यांत मिटणारं दुखणं सहा महिने पुरतं.

बुटाच्या आत काय घडतं

चालताना घोटा मुरगळतो तेव्हा पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली असलेली लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे) ताणली जातात. पूर्वी स्कीचे बूट मऊ चामड्याचे असत आणि तेव्हा घोटा मोडणं ही नेहमीची गोष्ट होती. 1960 नंतर कडक प्लॅस्टिकचे उंच बूट आले, घोट्याच्या दुखापती खूप कमी झाल्या आणि भार नडगीवर आणि गुडघ्यावर सरकला. आजच्या बुटात पाऊल आत वळायला जागाच फारशी उरत नाही.

पण स्की ही पायाला बांधलेली एक लांबलचक तरफ आहे. तिचं टोक बर्फात अडकून बाहेर वळलं की पाऊल तिच्याबरोबर बाहेर फिरतं, आणि शरीर मात्र पुढेच जात राहतं. घोट्याच्या सांध्यात मधोमध बसलेलं टॅलस नावाचं हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतं. नडगी पुढे झुकलेली असताना ते पाचरीसारखं वर घुसतं आणि पायाची दोन्ही लांब हाडं एकमेकांपासून फाकवायला बघतं. या दोन हाडांना घोट्याच्या वर एकत्र धरून ठेवणारी लिगामेंट तेव्हा फाटतात. याला आम्ही "वरची लचक" म्हणतो. सूज कधी कधी अगदी थोडी असते आणि त्यामुळेच माणूस फसतो. दुखणं घोट्याच्या हाडाखाली नसून चार बोटं वर, पुढच्या बाजूला असतं, आणि पाऊल बाहेर फिरवलं की कळ येते.

उतारावर पडल्यावर

बूट काढायची घाई करू नका. कडक बूट हा त्या क्षणी मिळणारा सर्वांत चांगला आधार असतो, आणि एकदा काढला की सुजलेला पाय पुन्हा आत जात नाही. बचाव पथकाला बोलवा. स्की करत किंवा चालत खाली येऊ नका. पाऊल बधिर झालं किंवा बोटं पांढरी आणि गार पडली, तर पथकाला ते लगेच सांगा. तसं असेल तर बूट कधी आणि कसा काढायचा हे त्यांनीच ठरवायचं असतं.

एक्स-रे काढायचा की नाही

यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टरांनी 1992 साली काही सोपे नियम मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर खालच्या 6 सेंटीमीटरमध्ये, हाड दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढावा. लागल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील तरीही काढावा. लंगडत टाकलेली पावलंसुद्धा मोजली जातात. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर करंगळीच्या बाजूला मधोमध असलेला हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूचा कमानीवरचा उंचवटाही दाबून बघतात.

यात आम्ही आमच्या अनुभवाने एक भर घालतो : गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला असलेलं हाडही दाबून बघा. पाऊल जोरात बाहेर पिळलं गेलं की तो पीळ वर चढत जातो आणि घोट्यावर लागलेल्या माराने गुडघ्याजवळचं बारीक हाड मोडतं. घोट्याचाच एक्स-रे काढला तर हे फ्रॅक्चर त्यात येतच नाही.

"लचक" म्हणून सुटून जाणाऱ्या दुखापती

वरची लचक ही पहिली. दुसरी स्की करणाऱ्यांमध्ये खास बघायला मिळते. घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून दोन टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) खाली पावलाकडे जातात, आणि एक पातळ पट्टी त्यांना त्यांच्या खोबणीत धरून ठेवते. स्कीचं टोक बर्फात रुतून वेग एकाएकी थांबला की पाऊल वर दाबलं जातं, पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू सगळी ताकद लावून आवळतात आणि ती पट्टी फाटते. मग टेंडन हाडावरून उडी मारून पुढे येतं. घोट्याच्या पुढे न दुखता हाडाच्या अगदी मागे दुखत असेल, आणि पाऊल वर-बाहेर नेताना तिथे "टक्" असं काही सरकल्यासारखं वाटत असेल, तर ते आम्हाला आवर्जून सांगा. साधा एक्स-रे यात बहुतेक वेळा स्वच्छ दिसतो. पाऊल हलवत सोनोग्राफी केली की टेंडन सरकताना दिसतं. वेळेत कळलं तर साधारण सहा आठवडे प्लॅस्टर घालून बघता येतं, पण प्लॅस्टरनंतरही टेंडन पुन्हा निसटण्याचं प्रमाण मोठं आहे. म्हणून खेळत राहणाऱ्यांना शल्यविशारद अनेकदा शस्त्रक्रिया सुचवतात. आमच्याकडे अशी माणसं महिना-दीड महिना घोटा शेकून आणि चोळून मग येतात. त्या काळात पट्टी जुळण्याची संधी निघून गेलेली असते, याचं आम्हाला दरवेळी वाईट वाटतं.

तिसरी दुखापत स्नोबोर्डवाल्यांची, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर बांधून घसरणाऱ्यांची. टॅलसच्या बाहेरच्या कोपऱ्याचा तुकडा पडतो आणि दुखणं बाहेरच्या हाडाच्या टोकाच्या किंचित खाली असतं. एक्स-रेमध्ये हे फ्रॅक्चर सहज निसटतं. दोन आठवडे झाले तरी तिथेच ठसठसत असेल तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा.

पहिले दिवस

आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ही चौकडी 1978 साली अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी लोकप्रिय केली. पुढे त्यांनीच बर्फ आणि संपूर्ण आराम यांच्या आग्रहापासून माघार घेतली, कारण सूज ही दुरुस्तीच्या कामाचाच भाग असते. आम्ही मधला मार्ग सांगतो. दुखणं सहन होत नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. क्रेप बँडेज बोटांपासून वर बांधत या. बसताना-झोपताना पाय छातीपेक्षा उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस शेकणं आणि चोळणं नको. सूज उतरवण्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी सांगितल्या तेवढेच दिवस घ्या.

कुबड्या दिल्या असतील तर लाजू नका, पण गरजेपेक्षा जास्त दिवस धरूनही बसू नका. एकच कुबडी किंवा काठी उरली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. नेमकं हेच सगळे उलट करतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

परतीच्या प्रवासाबद्दल थोडं, कारण स्कीवरून परतणाऱ्या बहुतेकांना लांबचा प्रवास असतो. नवं प्लॅस्टर असेल तर विमान कंपनीला आधी विचारा. पहिल्या दोन दिवसांत पाय आत सुजू शकतो, म्हणून अनेक कंपन्या प्लॅस्टर उभं चिरून घ्यायला सांगतात. अडकलेला पाय आणि तासन् तास बसणं एकत्र आलं की पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. बोटं हलवत राहा, पाणी प्या. पोटरी एकाएकी टणक होऊन दुखू लागली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर थांबू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

किती दिवस लागतील?

हा प्रश्न प्रत्येक जण पहिल्याच भेटीत विचारतो. साधी लचक एक-दोन आठवड्यांत बऱ्यापैकी सावरते. लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर तीन ते सहा आठवडे, पूर्ण फाटलं असेल तर तीन महिने किंवा त्याहून जास्त. वरच्या लचकेला साध्या लचकेपेक्षा बराच जास्त वेळ द्यावा लागतो, आणि दोन हाडांमध्ये फट पडली असेल तर स्क्रू किंवा मजबूत दोऱ्याने ती बांधावी लागते. मोडलेलं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पण हाड जुळणं म्हणजे घोटा तयार होणं नव्हे. संध्याकाळची थोडी सूज काही महिने राहू शकते. ती दिसली म्हणून व्यायाम बंद करू नका.

आपण एकत्र काय करणार

खाली लिहिलेलं लिगामेंटच्या दुखापतीसाठी आहे. फ्रॅक्चर, टेंडन किंवा शस्त्रक्रिया असेल तर शल्यविशारदांनी भार टाकायला परवानगी दिल्यावरच हे सुरू होतं.

पहिल्या आठवड्यात हालचाल परत आणायची. टाच स्थिर ठेवून अंगठ्याने हवेत अक्षरं काढा, दिवसातून तीन-चार वेळा. दुखणं थोडं वाढलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते टिकून राहिलं तर चालणार नाही.

मग येतो स्की करणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा भाग : नडगी पावलावर पुढे झुकवता येणं. भिंतीसमोर उभं राहा, पाऊल भिंतीपासून मागे सरकवत न्या आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा आणि भिंत यांतलं अंतर मोजा. निरोगी घोट्यात ते साधारण 10 सेंटीमीटर किंवा त्याहून थोडं जास्त भरतं, पण खरी तुलना तुमच्या दुसऱ्या पायाशी करायची. हे अंतर कमी राहिलं तर बुटात टाच उचलली जाते, वजन मागे जातं आणि मागे बसून स्की करणाऱ्याचा गुडघा धोक्यात येतो. घोट्याच्या दुखण्याचं बिल गुडघ्याने भरल्याची उदाहरणं आम्ही पाहिली आहेत. वरची लचक असेल तर मात्र हा व्यायाम लवकर सुरू करायचा नाही, कारण तीच पाचर पुन्हा आत शिरते. कधी सुरू करायचा ते आम्ही सांगू.

ताकदीसाठी चवड्यांवर उभं राहणं : आधी दोन पायांवर, मग एका पायावर. एका पायावर 25 वेळा सावकाश जमणं हे आमचं लक्ष्य असतं. रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर खेचण्याने बाहेरचे स्नायू तयार होतात.

आणि तोल. इंग्लंडमधले शल्यविशारद फ्रीमन यांनी 1965 साली दाखवून दिलं की लिगामेंट फाटतं तेव्हा "पाऊल आत्ता कसं वळलंय" ही खबर देणाऱ्या मज्जातंतूंचंही नुकसान होतं. घोटा दुखत नाही, तरी ऐन वेळी दगा देतो, तो यामुळे. यावर औषध नाही, सराव आहे. दात घासताना एका पायावर उभे राहा. 30 सेकंद जमलं की डोळे मिटून बघा, मग उशीवर, मग डळमळत्या फळीवर. हा व्यायाम इतका साधा वाटतो की सगळ्यांत आधी तोच सोडला जातो. कृपा करून सोडू नका.

पुन्हा बर्फावर

कडक बूट घातला की दुबळा घोटाही ठणठणीत वाटतो, म्हणून बुटातल्या भरवशावर निर्णय घेऊ नका. आम्ही अनवाणी तपासतो. भिंतीच्या चाचणीत दोन्ही पायांत 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नसावा, एका पायावर डावी-उजवीकडे उड्या न दुखता माराव्यात, स्कीच्या अर्ध्या बैठकीत एक मिनिट राहता यावं. मग घरात अर्धा तास बूट घालून पुढे झुकून बघा. टाच उचलते का, कुठे टोचतं का? बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचं, डिन मूल्य (किती जोर आल्यावर ती बूट सोडेल तो आकडा) प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून नव्याने लावून घ्या. ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतं. दुखापतीनंतर वजन किंवा वेग बदलला असेल तर जुना आकडा चुकीचा ठरतो. पहिले दिवस सोप्या उतारावर आणि अर्धाच दिवस. दमलेले पाय शेवटच्या फेरीत घसरतात. पुढचं वर्षभर इतर खेळांत, विशेषतः धावण्याच्या आणि उड्यांच्या, घोट्याचा पट्टा वापरा. पुन्हा मुरगळण्याचा धोका पहिल्या वर्षातच सर्वांत जास्त असतो.

पहिल्या भेटीला येताना जुने एक्स-रे आणि स्कॅन आणा, गुडघ्यापर्यंत दुमडता येईल असे कपडे घाला, आणि स्कीचे बूट सोबत आणा, दोन्ही. बूट किती झुकतो आणि टाच आत किती पक्की बसते हे पाहिल्याशिवाय तुमच्या घोट्याकडून नेमकं काय करून घ्यायचं आहे ते आम्हाला ठरवता येत नाही.