दोघेही रायटर, पण डीव्हीडी एकच लिहितो

सीडी रायटर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ज्यांनी एकेकाळी मंडळाच्या भजनांच्या सीडी मारून गावभर वाटल्या, त्यांना ते माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ७०० एमबी, ८० मिनिटं, संपलं. घोळ होतो तो कॉम्बो आणि डीव्हीडी रायटर यांच्यात, आणि दर गणपतीत होतो.

कुडाळात आमच्या शेजारी चतुर्थीला आलेला चाकरमानी स्वस्तात मिळाला म्हणून यूएसबीचा चपटा ड्राइव्ह घेऊन आला. खोक्यावर डीव्हीडी लिहिलेलं, आरडब्ल्यू म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणारं, तेही लिहिलेलं. दशावताराचं रात्रभराचं शूटिंग त्याला डीव्हीडीवर घ्यायचं होतं. जुनी पिक्चरची डीव्हीडी झकास चालली. कोरी घातली की ड्राइव्ह ढिम्म. "रायटर म्हणान घेतलंय, पण लिवणाच नाय!" तीन कंपन्यांच्या कोऱ्या डिस्क झाल्या, दोन सॉफ्टवेअर झाली. ड्राइव्ह बिचारा धडधाकट होता. तो कॉम्बो होता. कॉम्बो सीडी वाचतो, सीडी लिहितो आणि डीव्हीडी नुसती वाचतो.

का, ते एकदा नीट समजून घ्या. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. वाचायला मंद उजेड पुरतो. लिहिताना मात्र कोऱ्या डिस्कमधला रंगाचा थर तापवून बदलायचा असतो, त्याला लेसरमध्ये जोर हवा. कॉम्बोतला सीडीचा लेसर तगडा आणि डीव्हीडीचा मिणमिणता. मग डिस्क मारायचं नीरो सॉफ्टवेअर टाका नाहीतर आणखी काही, मिणमिणता दिवा भडकणार नाही.

ओळखायचं नावातल्या तिरक्या रेघेवरून. विंडोजच्या 'माय कॉम्प्युटर'मध्ये (नव्या विंडोजात 'धिस पीसी') 'डीव्हीडी/सीडी-आरडब्ल्यू' दिसलं तर कॉम्बो: रेघेअलीकडचं फक्त वाचायचं, पलीकडचं लिहायचं. 'डीव्हीडी-आरडब्ल्यू' असं सलग असेल तर खरा रायटर. डिव्हाइस मॅनेजरच्या मथळ्यावर जाऊ नका, तिथे सगळ्यांना एकाच 'डीव्हीडी/सीडी-रॉम'च्या पाटीखाली कोंबलेलं असतं. जुन्या कॉम्बोवर ५२-३२-५२-१६ असे वेगाचे आकडे असतात: सीडी लिहिणं, पुन्हा लिहिणं, वाचणं, आणि शेवटचा १६ डीव्हीडी वाचण्याचा. दुकानदार हाच १६ बोटाने दाखवून "बघा, डीव्हीडीपण १६ एक्स" म्हणतो, तेव्हा माझं डोकं सणकतं.

घरी डेस्कटॉप असेल तर माझं मत पक्कं: आत बसणारा, साटा केबलने मदरबोर्डला जोडायचा डीव्हीडी रायटर घ्या, वापरलेला असला तरी चालेल. तो सीडीही लिहितो. कॉम्बो फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना जुन्या गाडीच्या प्लेअरपुरत्या गाण्यांच्या सीडी मारायच्या आहेत. त्यासाठी डिस्क सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी, घ्या. आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परततो, जुने प्लेअर ती नाकारतात. बाहेरचा ड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या यूएसबीत लावा, आणि यूपीएस नसेल तर पावसात लिहायला बसूच नका. मधेच लाइट गेली की डिस्क चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची.

वापरलेला घेताना विकणारा हमखास पिक्चर लावून दाखवतो. तो कॉम्बोवरही दिसतोच. कोरी डीव्हीडी खिशात घालून जा, आणि त्याच्यासमोर मारून बघा.