कुलूप घराच्या आत

रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर काकाजींनी मला गाठलं. काकाजी म्हणजे आमच्या गल्लीतले एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ. मोबाइलवर आलेला मजकूर चारचौघांत मोठ्याने वाचायची त्यांना भारी हौस. "मॅडम, हे पाहा काय लिहून राहिले. इबोला हवेतून येते म्हणते, अन् माणूस आतून वितळून जाते. खरं हाय का जी?" त्यांच्या प्लेटमध्ये तर्रीचा लालभडक तवंग आणि विषय रक्ताचा. शेजारच्या दोन पोरांनी प्लेटा उचलून जागा बदलली.

दोन्ही खोटं, एवढं मी उभ्या उभ्या सांगितलं. पण मग खरं काय, ते गाडीवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले. तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे एका ठिकाणी मी नको तितकी रेंगाळणार. कंटाळा आला तर तेवढे परिच्छेद ओलांडून पुढे या, राग नाही.

आधी हवेचं बघू. गोवरचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना गोवर देऊ शकतो. इबोलाचा रुग्ण सरासरी दीड-दोन जणांना देतो. कारण हा विषाणू रक्त, उलटी, जुलाब, घाम अशा स्रावांतून आणि थेट स्पर्शातून जातो, तेही लक्षणं दिसू लागल्यावरच. संसर्ग झाल्यापासून ताप यायला दोन ते एकवीस दिवस लागतात आणि तोवर तो माणूस दुसऱ्याला आजार देत नाही. मग सापडतं कोण? उलटीने भरलेली चादर बदलणारी सून, सलाइन लावणारी नर्स आणि मयताला अंघोळ घालणारी माणसं. मृत्यूच्या वेळी शरीरात विषाणू सर्वाधिक असतो, आणि नेमकं तेव्हाच आप्त जवळ येतात. मयताला अंघोळ आपल्याकडेही घालतात, त्यामुळे पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना अडाणी म्हणण्याआधी जरा थांबावं. तिथे गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून २०१४ ते २०१६ या काळात २८ हजार ६०० हून अधिक रुग्ण झाले, ११ हजार ३०० हून अधिक माणसं गेली.

या आजाराची पहिली नोंद १९७६ची. तेव्हाच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, यांबुकू नावाच्या गावी एक मिशनचं रुग्णालय होतं. तिथे बाह्यरुग्ण विभागात रोज सकाळी पाच सिरिंजा निघत आणि दिवसभर त्याच वापरल्या जात, मधे फार तर पाण्यातून खंगाळून. ३१८ जणांना आजार झाला, २८० दगावले. तिथे लवकर पोहोचलेल्या डॉक्टरांपैकी एक काँगोचेच ज्याँ-जाक मुयेंबे. हातमोजे नसताना त्यांनी रुग्णांचं रक्त घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं की सुई टोचलेल्या जागी रक्त थांबतच नाही. ही सुईची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे नाव द्यायची वेळ आली तेव्हा गावाला कायमचा बट्टा लागू नये म्हणून यांबुकूऐवजी त्या भागातल्या एका नदीचं नाव निवडलं गेलं: इबोला. एवढा विचार आपल्याकडच्या एका गावाच्या वाट्याला आला नाही, पण ते नंतर.

आता वितळण्याचं. पश्चिम आफ्रिकेच्या साथीतल्या पहिल्या काही महिन्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कारण न कळणारा रक्तस्राव साधारण १८ टक्के रुग्णांतच दिसला. सुरुवात अगदी साधी असते: ताप, अंगदुखी, डोकेदुखी, गळून जाणं. मलेरिया किंवा टायफॉइड वाटावा असं. चार-पाच दिवसांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि दिवसाला कित्येक लिटर पाणी शरीरातून जाऊ शकतं. पोटॅशियम घसरतं, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडतात. बहुतेक जण दगावतात ते या कोलमडण्याने. म्हणूनच सलाइन आणि जलसंजीवनी, म्हणजे मीठ-साखरेचं ते साधं पाणी, वेळेवर आणि मोजून दिलं तरी जगणाऱ्यांची संख्या वाढते. मृत्यूचं प्रमाण वेगवेगळ्या साथींत २५ टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत दिसलं आहे. एवढ्या फरकात विषाणूच्या प्रकाराचा वाटा आहे, तसा खाट, सलाइन आणि नर्स मिळण्या-न मिळण्याचाही आहे.

आणि सुईची जागा? विषाणू ज्या भक्षक पेशींना धरतो, त्या बिघडल्यावर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन अंगावर मिरवू लागतात. एरवी हे प्रथिन रक्ताला दिसतं ते जखम झाल्यावरच, आणि दिसलं की रक्त गोठतं. इथे जखम नसताना जागोजागी बारीक गुठळ्या होतात आणि गोठण्याचा सगळा माल त्यातच संपतो. मग खरोखर सुई टोचली की थांबवायला काही उरत नाही. वितळणं वगैरे काही नाही, कोठार रिकामं होतं.

आता माझ्या आवडीचा भाग. विषाणू पेशीत शिरतो कसा?

पाठ्यपुस्तकात आपण शिकतो की पेशीच्या बाहेर कुलूप असतं, विषाणूकडे किल्ली असते, जुळली की दार उघडतं. कोरोनाचं साधारण तसं होतं. इबोला या नियमात बसत नाही. लांब दोऱ्यासारखा हा विषाणू, जाडी मिलिमीटरच्या बारा-तेरा हजाराव्या भागाएवढी. जनुकं अवघी सात. पेशीतून बाहेर पडताना तो पेशीच्याच पटलाचा तुकडा पांघरून निघतो. त्या पटलात एक मेदद्रव्य आहे, फॉस्फॅटिडिलसेरीन. निरोगी पेशी ते आतल्या अंगाला ठेवते, मरणारी पेशी बाहेरच्या अंगाला काढते. ती एक खूण असते: मी संपले, मला उचला. ही खूण बाहेर लावून इबोला फिरतो. पेशींना तो मेलेल्या पेशीचा कचरा वाटतो आणि त्या त्याला घोटभर पाण्यासकट गिळून टाकतात. म्हणजे दार फोडलं नाही, किल्लीही लावली नाही. केर म्हणून घरच्यांनीच आत आणलं.

पण पेशीने गिळलं म्हणजे तो पेशीच्या आत गेला असं नव्हे. तो अजून एका पिशवीत आहे, आणि पिशवी चालली आहे पेशीच्या पचनखान्याकडे. वाटेत आम्ल वाढत जातं, कॅथेप्सिन नावाची प्रथिनं कापणारी विकरं कामाला लागतात. सर्वसाधारण कचऱ्याचा इथे भुगा होतो. इबोला नेमका याच कात्रीची वाट पाहत असतो. त्याच्या अंगावरच्या काट्यांना ग्लायकोप्रोटीन म्हणतात. या काट्याच्या टोकावर शर्करेच्या साखळ्यांची जाड टोपी असते आणि खरी किल्ली त्या टोपीखाली झाकलेली असते. बाहेर रक्तात हिंडताना आपल्या प्रतिपिंडांना, म्हणजे विषाणू ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांना, बव्हंशी टोपीच दिसते. पिशवीत गेल्यावर कॅथेप्सिन ती टोपी छाटतं, आणि किल्ली उघडी पडते.

आणि कुलूप? तेही बाहेर नाही, त्याच पिशवीच्या भिंतीत आहे. त्याचं नाव एनपीसी-वन. पिशवीतून कोलेस्टेरॉल बाहेर काढणारा हा पेशीचा रोजचा हमाल. उघडी पडलेली किल्ली त्याच्या एका वळशाला चिकटते, काट्याचा खालचा भाग स्प्रिंगसारखा उलगडतो, विषाणूचं पटल आणि पिशवीचं पटल एक होतं, आणि सुमारे एकोणीस हजार अक्षरांचा आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकं लिहिलेली फीत, पेशीत उतरतो. कात्री आपली, हमालही आपलाच.

हे कुलूप सापडलं २०११ साली, आणि ज्या प्रयोगातून सापडलं त्यावर मी फिदा आहे. आपल्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एक बिघडवली तरी दुसरी काम भागवते. संशोधकांनी माणसाच्या अशा पेशी घेतल्या ज्यांत बहुतेक जनुकांची एकेकच प्रत होती. कोट्यवधी पेशींत कुठलं तरी एकेक जनुक अंदाधुंद मोडलं आणि त्यांवर विषाणू सोडला. जवळजवळ सगळ्या मेल्या. ज्या उरल्या त्यांत काय मोडलंय ते पाहिलं, तर पुन्हा पुन्हा एनपीसी-वनच. नीमन-पिक नावाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात मुलांमध्ये हेच जनुक बिघडलेलं असतं आणि पेशींत कोलेस्टेरॉल साचत जातं. त्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या. इबोला त्यांत शिरू शकला नाही.

पण जनुकं मोडलेल्या त्या कोट्यवधी पेशींवर खरा इबोला सोडला नव्हता. वापरला होता एक गरीब विषाणू, अंगावर इबोलाचे काटे चढवलेला. त्याचं नाव व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू. अमेरिका खंडात गाई-घोड्यांच्या तोंडात फोड आणणारा, माणसाला क्वचितच त्रास देणारा. आणि इथे नागपूरकरांनी कान टवकारावेत. १९६५ साली आपल्याकडे चिकुनगुन्या आणि डेंग्यूची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू सापडला. ठिकाण होतं नागपूरचं चांदीपुरा. या वेळी नदी-बिदी कुणी शोधली नाही, वस्तीचंच नाव चिकटवलं. हा चांदीपुरा विषाणू आणि तो गाई-घोड्यांचा विषाणू एकाच प्रजातीगटातले, सख्खे चुलत म्हणावेत असे.

या गरीब चुलतभावावरच इबोलाची लस उभी आहे. कॅनडात विनिपेगच्या प्रयोगशाळेत त्याचा स्वतःचा काटा काढून त्या जागी इबोलाचं ग्लायकोप्रोटीन बसवलं. शरीर तो काटा ओळखायला शिकतं, मागे खरा इबोला नसतोच. २०१५ मध्ये गिनीत ती कडं करून दिली गेली: रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातले आणि त्या संपर्कातल्यांच्या संपर्कातले, सगळ्यांना लस. देवीचा रोग भारतातून घालवताना १९७०च्या दशकात हेच केलं होतं. ज्यांना लगेच लस मिळाली त्यांच्यात दहा दिवसांनंतर एकही नवा रुग्ण निघाला नाही. २०१९ साली तिला युरोप-अमेरिकेत मंजुरी मिळाली. मात्र इबोलाचे प्रकार अनेक, आणि ती झाईर प्रकारापुरतीच चालते. युगांडात २०२२ मध्ये पसरला तो सुदान प्रकार, आणि त्यावर मंजूर लस नाही.

उपचाराची गोष्टही त्याच काट्यापाशी येते. १९९५ मध्ये काँगोतल्या किक्विट शहरातल्या साथीतून बरं झालेल्या एका माणसाच्या रक्तातून अकरा वर्षांनी प्रतिपिंड मिळालं. मुयेंबे याही कामात होते. हे प्रतिपिंड टोपीला फसत नाही. ते थेट किल्लीच्या जागी बसतं, विषाणूबरोबर पिशवीत जातं, कात्री चालली तरी हलत नाही, आणि किल्ली कुलपाला लागू देत नाही. त्यापासून केलेलं औषध आणि तीन प्रतिपिंडांचं आणखी एक मिश्रण, अशी दोन औषधं २०२० मध्ये मंजूर झाली. काँगोतल्या चाचणीत ही औषधं मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले, तुलनेच्या जुन्या औषधावर निम्मे.

आता थोडं चिडून. २०१४ मध्ये नायजेरियात मोबाइलवर निरोप फिरला की मिठाचं पाणी प्या, त्यानेच अंघोळ करा, इबोला होणार नाही. लोक इस्पितळात पोहोचले, मृत्यूच्याही बातम्या आल्या. आपण हसायचं कारण नाही. स्वाइन फ्लूच्या वेळी कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या गळ्यात घालून शाळेत येणारी मुलं मी माझ्या वर्गात पाहिली आहेत, आणि त्या बांधणारे आईबाप पदवीधर होते. ज्या काट्याची टोपी शरीरातल्या कात्रीशिवाय निघत नाही, त्याला कापराचा वास काय करणार?

बरं होणाऱ्यांचंही लगेच सुटत नाही. सांधे दुखत राहतात, डोळ्यांत दाह होतो, काहींची नजर जाते. डोळा आणि वृषण या जागांत प्रतिकारशक्तीचा पहारा मुद्दाम सैल असतो, तिथे विषाणू दडून बसतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून बरा होऊन आलेला एक भारतीय तरुण दिल्ली विमानतळावर विलग ठेवला गेला, कारण रक्त स्वच्छ असूनही वीर्यात विषाणूच्या खुणा होत्या. त्याच्यापासून कुणाला काही झालं नाही. गिनीत मात्र २०२१ची साथ अशाच पाच-सहा वर्षं दडलेल्या विषाणूतून उठली, हे त्याच्या आरएनएतली अक्षरं जुन्या साथीशी ताडून कळलं. त्यामुळे बरे झालेल्यांकडे गाव पुन्हा संशयाने बघू लागलं, आणि हे दुखणं कुठल्याही प्रतिपिंडाने जात नाही.

पुढच्या रविवारी गाडीवर काकाजींना एवढं सगळं सांगितलं नाही. पेशी, पिशवी, कात्री इथपर्यंत ते मान हलवत होते, कोलेस्टेरॉल म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा रिपोर्ट काढला. चुलतभावाच्या गोष्टीवर मात्र खूश झाले. "म्हणजे आपल्या नागपूरच्या भाऊबंदानं तिकडे आफ्रिकेत काम केलं म्हणा की जी!" मग थोडं थांबून म्हणाले, "पण हा आपला चांदीपुरा, ह्याच्यानं लेकरं मरते ना?"

मरतात. वाळूमाशी चावते, ताप मेंदूत चढतो, एक-दोन दिवसांत मूल जातं. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा तेच.

"मग त्याची लस?"

"अजून नाही, काकाजी."

त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि गाडीवाल्याला म्हणाले, मॅडमच्या पोह्यावर तर्री कमी टाक.