खाडीच्या मॉडेलमधली समुद्राकडची सीमा: पार्श्वभूमी

खाडीच्या पाण्याच्या गुणवत्तेचं संगणकी मॉडेल मोजमापांशी जुळेना की पहिला संशय अभिक्रियांच्या गुणांकांवर, म्हणजे पाण्यातले पदार्थ किती वेगाने बदलतात ते सांगणाऱ्या आकड्यांवर जातो. मग आठवडाभर तेच फिरवत बसायचं. बाउंड्री फाइल, म्हणजे मॉडेलच्या कडांवरून आत काय येतं त्याचे आकडे असलेली फाइल, उघडायची वेळ शेवटी येते, आणि घोळ बहुधा तिथेच सापडतो.

1925 साली ओहायो नदीसाठी ऑक्सिजनचं समीकरण मांडलं गेलं, तेव्हा हा प्रश्न नव्हता. नदी एकाच दिशेने वाहते. वरच्या टोकाचे आकडे दिले की पुरे. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या डेलावेअर खाडीचे कप्पे पाडून संगणकावर हिशेब सुरू झाला आणि खालच्या, समुद्राकडच्या टोकाचं काय करायचं, हे ठरवणं भाग पडलं. ओहोटीला मुखाबाहेर गेलेलं पाणी भरतीबरोबर काही प्रमाणात परत येतं. किती प्रमाणात?

1972 साली अमेरिकेतून एक तोडगा आला. ओहोटीत मुखावरची क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) मॉडेलने स्वतः काढावी. भरती लागल्यावर समुद्राचा आकडा एकदम लावू नये. बाहेर गेलेल्या शेवटच्या पाण्याच्या क्षारतेपासून सुरू करून ठरावीक वेळात तिथवर चढावं. हा ‘परतीचा काळ’ किती धरायचा, यावर मतभेद आहेत. भरती साधारण सहा तास बारा मिनिटं चढते. काळ शून्य धरला तर प्रत्येक भरतीला कोरं समुद्राचं पाणी आत शिरतं, सीमेजवळचा क्षारतेचा आलेख करवतीसारखा दिसतो आणि बाहेर गेलेलं सांडपाणी हिशेबातून कायमचं जातं. सहा तासांच्या बराच वर नेला तर समुद्राचा आकडा कधी गाठलाच जात नाही. बाहेर किनाऱ्यालगतचा प्रवाह जोरदार असेल तर काळ कमी, उपसागर बंदिस्त असेल तर जास्त, एवढंच ढोबळमानाने सांगता येतं. क्षारतेच्या बाबतीत निदान समुद्राचा आकडा, किलोमागे 35 ग्रॅमच्या आसपासचा, माहीत असतो. अमोनियाचा बहुतेक वेळा अंदाजानेच भरलेला असतो.

बऱ्याच सेटअपमध्ये काळ शून्यच राहून जातो. त्याला तटस्थ निवड म्हणणं मला पटत नाही: शून्याने खाडी स्वच्छ दिसते, आणि सांडपाण्याच्या नळीला मंजुरी हवी असणाऱ्याला ते सोयीचं पडतं.

दुसरा पक्ष म्हणतो, परतीच्या काळाचा वाद सोडा, सीमाच मुखापासून समुद्रात दूर न्या. गोव्यात हे म्हणणं चटकन पटतं. मांडवी आणि झुआरी यांची मुखं शेजारी आहेत, आतून कुंभारजुवे कालव्याने त्या जोडलेल्याही आहेत. दोन्ही मुखांवर सीमा ठोकली, तर एकीतून निघून दुसरीत शिरणारं पाणी मॉडेलला दिसणारच नाही. पण सीमा दूर नेली की तिथली मोजमापं कोण देणार?

1992 नंतर उपग्रहांवरून समुद्राची पातळी पुरेशी अचूक मोजली जाऊ लागली, जागतिक भरती-ओहोटीची मॉडेलं सुधारली आणि सीमेवरची पातळी घरबसल्या मिळू लागली. प्रदूषकांचे आकडे मात्र तसे मिळाले नाहीत. शिवाय तयार फाइलींबरोबर नवी दुखणी आली. भरतीचे आकडे ग्रिनिच वेळेत आणि नदीचा प्रवाह भारतीय वेळेत असला, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ अख्खी भरती! पातळी सरासरी समुद्रपातळीपासून आणि खोली नाविक नकाशाच्या शून्यापासून (म्हणजे ओहोटीच्या खालच्या पातळीपासून) घेतली, की मुंबईजवळ सुमारे अडीच मीटरचा गोंधळ.

म्हणून गुणांकांना हात लावण्याआधी एक जुनी चाचणी करतात. अभिक्रिया आणि सांडपाण्याचे भार बंद ठेवायचे, सगळ्या सीमांवर आणि सुरुवातीला आतही एखाद्या काल्पनिक पदार्थाचं प्रमाण 1 द्यायचं आणि महिनाभराचा रन घ्यायचा. कुठल्याही कप्प्यात 1 सोडून दुसरं काही दिसलं, तर पाण्याचाच हिशेब जुळत नाही. सगळीकडे 1 राहिला, तर पुढच्या रनमध्ये फक्त क्षारता घ्यायची आणि परतीचा काळ बदलून पाहायचा.