तेरा टक्क्यांत अडकलेला संगणक

कोल्हापुरात शाहूपुरीत करसल्लागार म्हणून काम करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या कचेरीत डिसेंबरच्या अखेरीस जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्रांची घाई असते. एका घाऊक व्यापाऱ्याची वर्षभराची सुमारे २०,००० खरेदी बिले आणि पोर्टलवरून उतरवून घेतलेल्या नोंदी यांचा मेळ घालण्यासाठी त्याने एक्सेलमध्ये मॅक्रो (तेच ते काम आपोआप करणारी छोटी आज्ञावली) चालू केला, की पडदा फिकट पडायचा, माऊसच्या जागी निळे कडे फिरू लागायचे आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे चहा पिण्याखेरीज काही करता यायचे नाही. मी गेलो तेव्हा त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून दाखवला. "हे बघ, प्रोसेसर तेराच टक्के चाललाय की! मग हा अडलाय कशात?" दुकानदाराने त्याला आय-७, म्हणजे इंटेलचा आय-३ आणि आय-५ यांच्या वरच्या श्रेणीतला प्रोसेसर, घ्यायला सांगितले होते. गंमत अशी, की अडलेला संगणकही आय-७च होता. २०१४ सालचा, जुन्या बाजारातून घेतलेला कोअर आय-७ ४७९०.

त्या प्रोसेसरमध्ये चार कोअर (प्रत्यक्ष गणित करणारे भाग) असून प्रत्येक कोअर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, सांभाळतो, म्हणून विंडोजला तिथे आठ प्रोसेसर दिसतात. एक्सेलमधील साधी सूत्रे २००७ च्या आवृत्तीपासून अनेक थ्रेडवर वाटली जातात. मॅक्रो मात्र एकाच थ्रेडवर चालतो. शंभराला आठाने भागले की साडेबारा येतात. म्हणजे तेरा टक्के हा आकडा प्रोसेसर निवांत असल्याचा पुरावा नव्हता. आठातला एक जण घाम गाळत होता आणि उरलेले सात बघत उभे होते. टास्क मॅनेजरमधील आलेखावर उजवी कळ दाबून 'लॉजिकल प्रोसेसर' वेगवेगळे दाखवण्याचा पर्याय निवडला, तर ही गोष्ट बऱ्याचदा उघड दिसते. एकच काम या चौकटीतून त्या चौकटीत उड्या मारत असेल, तर तेवढी स्वच्छ दिसत नाही, पण बेरीज साडेबाराच्या आसपासच राहते.

कोअर वाढवून वेग का वाढत नाही, हे आपल्याकडच्या गुऱ्हाळात उभे राहिले की कळते. ऊस तोडायला आणि मोळ्या वाहायला माणसे वाढवता येतात; पण काहिलीतला रस आटायला लागायचा तेवढा वेळ लागतोच, आणि एका काहिलीवर सहा गुळवे उभे केल्याने गूळ लवकर उतरत नाही. संगणकाच्या बाबतीत हाच हिशेब संगणक-रचनाकार जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला. समजा, एखाद्या कामाचा ४० टक्के भाग एकामागून एकच करावा लागतो. मग सहा कोअरवर ते काम दुप्पट वेगाने होईल, बारा कोअरवर जेमतेम सव्वादोन पट, आणि कितीही कोअर लावले तरी अडीच पटींच्या पुढे ते जाणारच नाही. सहाचे बारा करण्यासाठी मोजलेल्या पैशांतून मिळाले काय, तर अकरा टक्के.

तेव्हा कचेरीसाठी पाहायचा तो एकट्या कोअरचा वेग. तोही केवळ गिगाहर्ट्झवरून, म्हणजे सेकंदाला पडणाऱ्या अब्जावधी ठोक्यांवरून, ठरत नाही. १९७१ चा इंटेल ४००४ सेकंदाला ७,४०,००० ठोक्यांवर चालत असे. २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि तिथे उष्णतेने वाट अडवली, कारण ठोके वाढवायचे तर व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. त्यानंतर सुधारणा झाली ती मुख्यतः एका ठोक्यात होणाऱ्या कामात. मित्राचा आय-७ जास्तीत जास्त ४.० गिगाहर्ट्झवर जातो आणि २०२२ चा स्वस्तातला कोअर आय-३ १२१०० हा ४.३ वर. फरक किरकोळ वाटतो. पण जुना कोअर एका ठोक्याला चार सूचना उलगडू शकत असे, तर नवा सहा. म्हणून हा 'तीन' त्या 'सात'ला सहज मागे टाकतो.

या वेगाला एक अडसर आहे. ४.३ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटरच जातो. रॅममधून, म्हणजे प्रोसेसरबाहेरच्या कामचलाऊ स्मृतीतून, माहिती मागवली तर ती यायला ७० ते १०० नॅनोसेकंद, म्हणजे तीन-चारशे ठोके लागतात, आणि तोवर कोअर बऱ्याचदा ताटकळतो. हे टाळण्यासाठी प्रोसेसरच्या पोटातच कॅश मेमरी, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी पण वेगवान स्मृती, असते: आय-३ १२१०० मध्ये तिचा सर्वांत मोठा थर १२ मेगाबाइटचा, तर आय-५ १२४०० मध्ये १८ मेगाबाइटचा आहे. रॅमही १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, म्हणजे डीडीआर४-३२०० मध्ये सेकंदाला २५.६ ऐवजी ५१.२ गिगाबाइट माहिती वाहू शकते. फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीबद्दल वेगळे सांगायला नकोच.

जास्त कोअर वाया जातात असे मात्र नव्हे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत साच्यातला वितळलेला धातू कसा थिजेल याचे गणित करतात, तेव्हा त्या ओतकामाचे लाखो बारीक घनांत तुकडे पाडून ते कोअरमध्ये वाटता येतात. तिथे सहा कोअरचा आय-५ १२४०० किंवा एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी यांचे पैसे वसूल होतात.

खरेदीच्या वेळी खोक्यावरचे शेवटचे अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १२१००एफ या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र दाखवणारा भागच नसतो, आणि रायझनच्या साध्या ५६०० मध्येही नसतो. तो ५६००जी मध्ये असतो. थोडे पैसे वाचवल्याच्या आनंदात घरी आल्यावर ग्राफिक्स कार्डासाठी पुन्हा बाजार गाठावा लागतो. लॅपटॉपच्या बाबतीत तर नावे आणखी फसवी आहेत: आय-५ १२३५यू मध्ये दहा कोअर असल्याचे सांगतात, पण त्यांतले मोठे, वेगवान दोनच.

मित्राच्या मॅक्रोकडे आम्ही शेवटी पाहिले, ते खरे तर आधी पाहायला हवे होते. प्रत्येक बिलासाठी तो दुसरी यादी पहिल्या ओळीपासून चाळत होता, म्हणजे वाईटात वाईट धरले तर २०,००० गुणिले २०,०००, अर्थात ४० कोटी तुलना. यादी क्रमाने लावून दर वेळी मधोमध पाहिले आणि नको असलेली अर्धी यादी सोडून दिली, तर एका बिलाला फार तर पंधरा तुलना पुरतात. एकूण तीन लाख. तसा बदल केल्यावर जुन्या आय-७ वरच मेळ काही सेकंदांत लागला. तरीही त्याने आय-३ घेतलाच, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता आणि विंडोज ११ साठी मान्य असलेल्या प्रोसेसरांच्या यादीत त्या जुन्या आय-७ चे नाव नाही.